वाडा गावाचा कधी झाला? जुन्या वास्तूचा इतिहास शोधण्याची रीत

प्रश्न असा आहे: गावातला एक जुना दुमजली वाडा साठ-सत्तर वर्षांपासून वाचनालय आणि सभागृह म्हणून वापरात आहे. व्याख्याने, भजने, रक्तदान शिबिरे, लग्नाच्या बैठकी, सगळे तिथेच होते. वाचनालयाच्या वर्धापनदिनासाठी वाड्याच्या इतिहासाची पुस्तिका काढायची आहे. हाताशी चार पावत्या, एक फोटो आणि ‘वाडा पेशवेकालीन आहे’ एवढे ऐकीव ज्ञान. सुरुवात कुठून करावी?

सुरुवात ‘कोणी बांधला’ इथून करू नका. बहुतेक पुस्तिका तिथेच अडकतात: पहिली दहा पाने मूळ पुरुषाच्या पराक्रमाची, शेवटची दोन कार्यकारिणीच्या फोटोंची, आणि मधला काळ, ज्यात एका घराण्याचे घर गावाचे झाले, तो एका वाक्यात उरकलेला: ‘पुढे हा वाडा सार्वजनिक कार्यासाठी देण्यात आला.’ कोणी दिला, कोणाला, कोणत्या कागदाने, किती खोल्या, कोणत्या अटीवर, आणि तेव्हा आत कोण येऊ शकत होते? तुमच्या वाड्याचा खरा इतिहास या प्रश्नांत आहे आणि सुदैवाने त्याचे पुरावे बांधणाऱ्याच्या पुराव्यांपेक्षा जास्त टिकलेले असतात.

पुण्यातली दोन उदाहरणे डोळ्यांसमोर ठेवा. नारायण पेठेतला केसरीवाडा मूळचा बडोद्याच्या गायकवाडांचा. लोकमान्यांनी तो १९०५ साली घेतला. जुन्या कागदांत तो ‘गायकवाडवाडा’ म्हणून येतो, नंतरच्या कागदांत ‘केसरीवाडा’ म्हणून, आणि काही वर्षे दोन्ही नावे शेजारी नांदतात. एकाच नावाने शोध घेणाऱ्याच्या हाती निम्मेच कागद लागतात. शिवाय टिळकांचा सार्वजनिक गणेशोत्सव १८९४ मध्ये सुरू झाला तो विंचूरकरवाड्यात, कारण तेव्हा त्यांचे बिऱ्हाड तिथे होते. १९०५ नंतर तो गायकवाडवाड्यात आला. या दोन वास्तूंच्या आठवणी एकमेकींत इतक्या मिसळल्या आहेत की एकीची गोष्ट दुसरीच्या नावावर सर्रास सांगितली जाते. तुमच्या गावातही वाचनालय आधी दुसऱ्या कोणाच्या ओसरीवर भरत असण्याची शक्यता बरीच आहे. ते आधी तपासा.

दुसरे उदाहरण विश्रामबागवाड्याचे. दुसऱ्या बाजीरावाचा हा राहता वाडा. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली (पुढे डेक्कन कॉलेज झाले ते तिच्यातूनच), नंतर पुढे नगरपालिकेचा कारभारही तिथे आला. मे १८७९ मध्ये बुधवारवाडा आगीत गेला त्याच वेळी विश्रामबागेलाही आग लागून तिचा भाग जळाला आणि तो नव्याने उभारावा लागला. म्हणजे ‘पेशवेकालीन’ म्हणून आपण ज्या वास्तूकडे बघतो तिचा काही भाग इंग्रजी अमलातल्या दुरुस्तीचा आहे. यात कमीपणा काही नाही. पण कोणता भाग कधीचा हे न सांगता सगळ्याला एकच काळ चिकटवणे चूक आहे.

कागद कुठे सापडतात

पहिली फेरी नगर भूमापन कार्यालयात. तिथून वाड्याचे मालमत्ता पत्रक, ज्याला सगळे प्रॉपर्टी कार्ड म्हणतात, त्याची नक्कल घ्या. संगणकावरची आजची प्रत पुरत नाही; जुन्या हस्तलिखित पत्रकाची नक्कल मागा आणि सोबत पहिल्या मोजणीच्या वेळची चौकशी नोंदवही बघायला मागा. मोजणी झाली तेव्हा ‘ही जागा कोणाची, कशावरून’ असे विचारून अधिकाऱ्याने त्या वहीत दोन-चार ओळी लिहिलेल्या असतात. शेजाऱ्यांची नावे, सामाईक भिंत, गल्लीचा हक्क, कधी ‘पुढील दोन खोल्या वाचनालयाकडे’ असा शेरा. या दोन-चार ओळी पुष्कळदा सगळ्या पुस्तिकेचा कणा ठरतात.

हे पत्रक वाचायचे कसे तेही सांगतो, कारण लोक वरचे नाव वाचतात आणि कागद घडी करून ठेवतात. वरच्या भागात नगर भूमापन क्रमांक, क्षेत्रफळ, धारणाधिकार आणि ‘हक्काचा मूळ धारक’ असते. हा मूळ धारक म्हणजे पहिल्या मोजणीच्या वेळचा धारक, वाडा बांधणारा नव्हे. इथे शंभर पुस्तिका चुकल्या असतील. खाली तक्ता असतो: दिनांक, व्यवहार, खंड क्रमांक, नवीन धारक किंवा पट्टेदार किंवा भार, आणि शेवटी साक्षांकन. ‘व्यवहार’ या रकान्यात वारसाने, खरेदीने, बक्षीसपत्राने, न्यायालयाच्या हुकमाने असे शब्द येतात, आणि बहुधा तिथेच दस्ताचा क्रमांक व तारीख असते. नव्या नावापुढच्या कंसात ‘धा’ आहे की ‘प’ हे नीट बघा. ‘धा’ म्हणजे धारक, ‘प’ म्हणजे पट्टेदार. वाचनालयाच्या नावापुढे ‘प’ असेल तर वाडा दान झालेला नाही, भाडेपट्ट्याने आहे. एका अक्षराने सगळी कथा बदलते.

दस्ताचा क्रमांक मिळाला की दुय्यम निबंधक कार्यालयात नक्कल मागता येते. क्रमांक मिळाला नाही तर सूची बघाव्या लागतात: सूची क्रमांक एक माणसांच्या नावावरून, सूची क्रमांक दोन मिळकतीवरून. वर्ष अंदाजे माहीत असेल तर पुढे-मागे पाच-पाच वर्षे शोधा. फी वर्षागणिक लागते, म्हणून काळ आधी आवळून घ्या.

गावात सगळे ‘दान दिला’ म्हणत असतील तर एक गोष्ट लक्षात असू द्या. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे स्थावर मिळकतीचे दान नोंदणीकृत दस्तानेच पूर्ण होते. नोंदलेले बक्षीसपत्र नसेल, मृत्युपत्र नसेल, खरेदीखतही नसेल, तर नुसत्या तोंडी ‘दिला’ने मालकी हलत नाही. अशा अवस्थेतली वाचनालये महाराष्ट्रात कमी नाहीत. पुस्तिकेत छापलेले वाक्य उद्या दाव्यात पुढे येऊ शकते, म्हणून ‘वापरासाठी दिला’, ‘दान केला’ आणि ‘विकला’ हे शब्द दस्त पाहिल्याशिवाय वापरू नका. दस्त सापडला नाही तर ‘अमुक सालापासून वाचनालय येथे भरत असल्याचे सभासद नोंदवहीवरून दिसते’ एवढेच लिहा. ते खरेही आहे आणि पुरेसेही.

तिसरी जागा धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. १९५०चा सार्वजनिक विश्वस्त कायदा आल्यावर जुन्या संस्थांना नोंदणीचे अर्ज करावे लागले. त्या अर्जात संस्था कशी सुरू झाली, मिळकत कुठून आली, वहिवाट कशी चालते हे लिहून द्यावे लागे, आणि चौकशीत जाणत्या माणसांचे जबाब होत. विश्वस्त नोंदवहीचे परिशिष्ट एक तर घ्याच, पण मूळ नोंदणीची चौकशी फाइलही मागा. त्यानंतरच्या प्रत्येक बदल अर्जात विश्वस्त कोण गेले, कोण आले, मिळकतीत भर काय पडली हे तारखेसह मिळते. विदर्भ-मराठवाड्यात हा कायदा उशिरा लागू झाला, त्यामुळे तिथल्या नोंदणीची साले पुढची असतात. त्यावरून संस्था नवी समजू नये.

मराठवाड्यातला वाडा असेल तर निजामी काळातले कागद उर्दूत असतील, सेतवार आणि १९५४-५५ची खासरा पाहणी हे जमिनीच्या जुन्या नोंदींचे शब्द कानावर येतील. उर्दू वाचणारा माणूस आधी गाठा, मग कचेरीत जा.

वाचनालयाला सरकारी अनुदान असेल तर १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली दरवर्षीचा अहवाल आणि तपासणी यांचे कागद जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे जातात. त्यात इमारतीचे क्षेत्रफळ, मालकीची की भाड्याची, सभासद किती, वाचनकक्ष वेगळा आहे का, असे रकाने असतात. त्या रकान्यांतला आकडा ज्या वर्षी एकदम बदलतो, त्या वर्षी वाड्यात काहीतरी बांधकाम झाले. नगरपालिकेतली घरपट्टीची आकारणी नोंदवहीही अशीच बोलते: ‘राहती’चा शेरा जाऊन ‘सार्वजनिक’ किंवा ‘करमाफ’ आला ते साल टिपून घ्या.

इथे सगळ्यात जास्त घोळ क्रमांकांचा होतो. एकाच वाड्याला नगरपालिकेचा घरनंबर, नगर भूमापन क्रमांक आणि कुठे नगररचना योजनेतला अंतिम भूखंड क्रमांक असे तीन आकडे असतात, आणि घरनंबर तर फेरआकारणीत दोन-तीनदा बदललेला असतो. १९३५ची पावती ‘घर नं. २१४’ची आणि आजचा २१४ भलत्याच गल्लीत, असे होते. म्हणून पहिल्या दिवशी एक तक्ता करा: वर्ष, क्रमांक, कोणत्या कागदात, चतुःसीमा. चतुःसीमा, म्हणजे पूर्वेला कोण, दक्षिणेला काय, हीच खरी ओळख. क्रमांक बदलतो, देऊळ आणि ओढा सहसा जागा सोडत नाहीत.

तारखांची उकल

१८१८ आधीचे कागद मिळाले तर ते मोडीत असतील, आणि खासगी व्यवहारांचे मोडी कागद विसाव्या शतकातही बरेच सापडतात. पुण्याचे पुराभिलेखागार, म्हणजे आपले पेशवे दफ्तर, आणि १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ या दोन ठिकाणी मोडी वाचणारी माणसे भेटतात. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्गही घेते. वाचून घेताना नुसता सारांश घेऊ नका, ओळीला ओळ असे बाळबोध लिप्यंतर मागा. सारांशात वाचणाऱ्याचा अंदाज मिसळतो.

शकात साधारण ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण वर्षाच्या शेवटी, पौषातून फाल्गुनापर्यंत, जानेवारी उजाडल्यावर ७९ मिळवावे लागतात. दरवाजावरच्या पट्टीत ‘शके १७८९ प्रभव नाम संवत्सरे माघ’ असे असेल तर ते १८६७ नव्हे, १८६८. संवत्सराचे नाव दिले असेल तर पडताळा सोपा आहे: शकात १२ मिळवा, ६०ने भागा, उरेल तो संवत्सराचा अनुक्रम. १७८९ अधिक १२ म्हणजे १८०१, बाकी १, पहिले संवत्सर प्रभव. जुळले. जुळले नाही तर अंक चुकीचा वाचला आहे किंवा रंग देताना रंगाऱ्याने ७चा १ केला आहे.

फसली, म्हणजे शेतसाऱ्याच्या, सनात ५९० किंवा ५९१ मिळवायचे, अरबी म्हणजे सुहूर सनात ५९९ किंवा ६००. सुहूर सन अक्षरी येतो: ‘इसन्ने तिसैन मया व अलफ’ म्हणजे दोन, नव्वद, शंभर आणि हजार, ११९२. म्हणजे इसवी १७९१-९२. ही दोन्ही वर्षे मृगाच्या सुमारास बदलतात, म्हणून महिना पाहिल्याशिवाय एकच इसवी साल ठोकून देऊ नये.

हिशेबाच्या कागदांवर साल नसेल तर नाणे बघा. रुपये-आणे-पै असेल तर कागद बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीचा, ‘नवे पैसे’ असा शब्द असेल तर १९५७ ते ६४च्या आसपासचा. छोट्या गावांत जुनी सवय काही वर्षे टिकली, तेवढी सूट धरा.

वास्तू वाचणे

कागद संपतात तिथे वाडा बोलतो. पण आधी तो मोजावा लागतो. नजरेने काढलेला नकाशा काही कामाचा नाही. ३० मीटरचा टेप, दोन माणसे, एक लिहिणारा, आणि दोन दिवस. प्रत्येक खोलीच्या चार भिंती आणि दोन्ही कर्ण मोजा. जुने वाडे काटकोनात नसतात, चौकाचे दोन कर्ण हमखास कमी-जास्त भरतात. कर्ण न मोजता काढलेल्या नकाशात शेवटची भिंत जुळत नाही आणि मग माणूस ती मनाने सरळ करतो. तिथेच पुरावा जातो. भिंतींची जाडी दरवाजा-खिडकीच्या बाजूत मोजा आणि नकाशावर लिहा: बाहेरची दोन-अडीच फुटी भिंत आणि मधेच साडेचार इंची वीट दिसली तर ती आतली भिंत नंतरची, बहुधा खोल्या भाड्याने दिल्या तेव्हाची. नकाशा १:१०० प्रमाणात पुरतो, छेद, म्हणजे वास्तूचा उभा काप, मात्र १:५०ला काढा. प्रत्येक खांबाला क्रमांक द्या.

आता सभागृहात उभे राहा आणि वर बघा. वाचनालये आणि सभागृहे झालेल्या वाड्यांत एक गोष्ट जवळजवळ सगळीकडे दिसते: सोपा आणि माजघर यांच्यामधली भिंत किंवा खांबांची एक ओळ काढून मोठी जागा केलेली असते. काढलेला खांब खुणा ठेवून जातो. फरशीत त्याचा दगडी तळखडा असतो. उचलला असेल तर तेवढ्या चौकोनात फरशी वेगळी असते. वर तुळईच्या पोटात खांबाचे कुसू बसत होते ती रिकामी खाच असते, साधारण तळहाताएवढी, कधी लाकडी तुकड्याने बुजवलेली, कधी नुसताच रंग फासलेला. टॉर्च तिरका धरला की तिची कड दिसते. खाचांमधले अंतर मोजा. जुन्या दस्तात ‘सात खणी सोपा’ असे लिहिलेले असते. खण म्हणजे दोन तुळयांमधले अंतर, आणि त्याचे माप वाड्यावाड्यागणिक वेगळे. खाचा आणि उभे खांब धरून खण सात भरले, तर दस्तातला सोपा हाच, आणि तो कुठून कुठे होता हेही कळले. कागद आणि वास्तू अशी एकमेकांना भेटली की त्या विधानाला कोणी हलवू शकत नाही.

खांब काढला तिथे त्याच्या बदल्यात लोखंडी तुळई घातलेली असते. तिच्या बाजूवर कारखान्याचे नाव ठशात उठलेले सापडते का बघा. रंगाचे थर हळूच खरवडावे लागतील. ‘डॉर्मन लाँग’ हे इंग्लंडातले नाव असेल तर तुळई एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची. टाटांचे नाव असेल तर १९१२ नंतरची, कारण जमशेदपूरचे पोलाद त्याआधी नव्हते. अर्थात हा खालचा टप्पा झाला: त्याआधीचे नाही एवढेच सिद्ध होते. जुनी तुळई दुसरीकडून काढून आणून घातलेलीही असू शकते.

अशाच खालच्या टप्प्याच्या खुणा आणखी काही. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना १८६५चा, तेव्हा ती कौले त्याआधीची नाहीत. आणि ती बसवायला छपराचा उतार व रिपांचे अंतर बदलावे लागते, म्हणून वाशांवर जुन्या रिपांच्या खिळ्यांची भोके राहतात. नळीच्या कौलांचे छप्पर मंगलोरी केव्हा झाले ते हिशेबाच्या वहीत सापडायला हवे, मोठा खर्च असतो तो. चौकोनी दांड्याचे, लोहाराने ठोकलेले खिळे जुने. गोल तारेचे खिळे कारखान्याचे. दगड-विटांचे सांधे चुन्याने भरलेले असतील तर त्यांत पांढऱ्या खड्यांसह मऊपणा असतो, नखाने भुगा निघतो. सिमेंटचा सांधा करडा आणि कडक, आणि आपल्याकडे तो विसाव्या शतकाचा. शहाबादी फरशी रेल्वेनंतर दूरवर पोचली. लाकडी पट्टीवरचे वायरिंग आणि चिनी मातीचे खटके दिसले तर ते काढून फेकू देऊ नका, पहिल्या वीजजोडणीचा पुरावा तोच.

रंगाचीही एक पायरी करून बघा. कोपऱ्यात, न दिसेल अशा जागी, दोन सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या आणि धारदार पात्याने एकेक थर उलगडत जा, प्रत्येक थराचा एक सेंटिमीटर उघडा ठेवून. माजघराच्या भिंतीला पाच थर आणि नव्या आडभिंतीला दोनच, तर खालचे तीन थर ती आडभिंत नसतानाचे. चित्रे किंवा सोनेरी काम दिसू लागले की हात थांबवा, आणि पुढचे काम जतन करणाऱ्या जाणकाराकडे सोपवा.

वास्तूच्या इतिहासात एक धोक्याचे प्रकरण असते, आणि ते छापायला लोक कचरतात. घराची माडी घरापुरती बांधलेली असते. भारतीय मानक ८७५च्या दुसऱ्या भागात राहत्या खोलीला दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो भार धरतात. खुर्च्या पक्क्या नसलेल्या सभागृहाला ५, म्हणजे अडीच पट, आणि पुस्तकांच्या कपाटांना त्याहूनही जास्त. घराचे सभागृह होते तेव्हा माडीवर माणसे दाटतात, खाली खांब काढलेले असतात, आणि तुळई पोटात झोक घेते. ‘वरचा हॉल बंद केला’, ‘ग्रंथसंग्रह तळमजल्यावर आणला’ अशी नोंद इतिवृत्तात सापडली तर तिच्यामागे बहुधा हेच कारण असते. वर्धापनदिनाचा कार्यक्रम माडीवर ठेवणार असाल तर आधी संरचना अभियंत्याला दाखवा. दोन टोकांना दोरी ताणून तुळईचा झोक मोजणे हे तुम्हालाही जमेल. मधोमध दोरीपासून किती खाली आहे ते लिहून ठेवा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. वाढत असेल तर माडी बंद.

आठवणी

वयस्कांकडे जाताना ‘कोणत्या साली?’ विचारू नका. साल कोणाच्या लक्षात राहत नाही, प्रसंग राहतो. ‘पानशेत फुटले तेव्हा वाचनालय इथे होते का?’ (१२ जुलै १९६१), ‘कोयनेचा भूकंप झाला त्या दिवशी?’ (११ डिसेंबर १९६७), ‘बहात्तरच्या दुष्काळात इथे काय होते?’ तुमच्या भागाचे असे चार खिळे आधी ठरवा. बोलताना हातात नकाशा असू द्या, आणि शक्य असेल तर आजोबांना वाड्यातच आणा. जिन्यापाशी आले की पाय आपोआप जुन्या दाराकडे वळतात, ते दार आज भिंतीत बुजलेले असते. ध्वनिमुद्रण घ्या, पण आधी परवानगी घ्या, आणि कोणाचे नाव छापायचे ते लेखी विचारा.

दिलेल्या घराण्याकडे जा, तसेच राहून गेलेल्या भाडेकरूंकडे जा, झाडलोट करणाऱ्या बाईंकडे जा, पाणी भरणाऱ्याच्या मुलाकडे जा. अध्यक्षांना उद्घाटने आठवतात. कोणती खोली गळत होती आणि बायका कोणत्या दाराने आत यायच्या हे या मंडळींना आठवते.

वाडा घराण्याने का सोडला याचे कारण बहुतेक वेळा एकच नसते. १९४८ची गांधीहत्येनंतरची जाळपोळ, त्याच वर्षीचा कूळकायदा आणि कुळे जमिनीची मालक ठरली तो १ एप्रिल १९५७चा कृषकदिन, वतने-इनामे खालसा होणे, १९४७च्या भाडेनियंत्रणामुळे गोठलेले भाडे, मुले मुंबई-पुण्याला जाणे. एवढा मोठा वाडा सांभाळणे परवडेना आणि विकावा तर भाडेकरू निघेनात, अशा कात्रीत ‘वाचनालयाला देऊन टाकू’ हा निर्णय आलेला असतो. त्यात औदार्य नव्हते असे नाही. पण नुसते औदार्य लिहिले तर त्या माणसांची अडचण आणि त्या काळाचा ताण दोन्ही पुसले जातात. १९४८चा विषय आजही दुखरा आहे. तिथे कागद आणि दोन्ही बाजूंचे जबाब असल्याशिवाय कोणाचे नाव घालू नका.

आणि ‘सर्वांसाठी खुले’ हे शब्द तपासल्याशिवाय छापू नका. सार्वजनिक पैशांवर चालणाऱ्या जागा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला, अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवणारा कायदा १९५५चा. पण गावोगावच्या वाचनालयांची दारे त्या तारखांना उघडली असे नाही. सभासद नोंदवही काढा. पहिली स्त्री सभासद कोणत्या वर्षी? पहिला दलित सभासद, पहिला मुसलमान सभासद? नाव, पत्ता, वर्गणीचा वर्ग, सगळे त्या वहीत असते. वर्ग तीन रुपयांचा आणि एका रुपयाचा असे दोन असतील तर एका रुपयाच्या वर्गाला पुस्तक घरी नेता येत होते का, तेही नियमावलीत बघा. वाडा गावाचा कधी झाला याची तारीख बक्षीसपत्रावर एक असते आणि या वहीत दुसरी, कधी तर वीस-तीस वर्षांनी पुढची. पुस्तिकेत दोन्ही तारखा द्या.

पुस्तिका

३२ ते ४८ पाने पुरेत. मधल्या जोडपानावर एकाच प्रमाणातले तीन नकाशे शेजारी शेजारी: घर असतानाचा, बदल होतानाचा, आजचा. काढलेल्या भिंती तुटक रेषेने, नव्या भरीव. वाचकाला जे चार पानांत कळणार नाही ते इथे एका नजरेत कळते. प्रत्येक विधानामागे समासात एक खूण करा: कागदावरून, वास्तूवरून, आठवणीवरून. तिन्ही खुणा जिथे आहेत ते विधान पक्के. नुसती आठवण असेल तर ‘असे सांगतात’ म्हणून द्या. ‘पेशवेकालीन’ला एकही खूण मिळाली नाही तर शब्द गाळा. १८८०चा वाडा असणे हे काही लाजिरवाणे नाही.

मूळ कागद हाताळताना चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका, त्यातून कागद परत निघत नाही. पेन्सिलीने पानांना क्रमांक द्या, दिवसाच्या उजेडात सरळ वरून फोटो घ्या, फाटलेले पान सुट्या आम्लरहित कागदात ठेवा. कीर्द-खतावण्या वाळवीच्या भिंतीपासून हातभर दूर, लोखंडी कपाटात, खालचा कप्पा रिकामा सोडून. नकला आणि ध्वनिमुद्रणांचा एक संच वाड्यात, दुसरा गावाबाहेर ठेवा. पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतली दफ्तरेच्या दफ्तरे चिखल झाली, कारण दुसरा संच कुठेच नव्हता.